आजोबांचे तैलचित्र : चेहरा १९७२चा आणि पदके १९७४ची, हे चालेल का?

एरंडवणेकर

नमस्कार. माझे आजोबा १९७८ मध्ये भारतीय लष्करातून मेजर जनरल या पदावरून निवृत्त झाले आणि त्यानंतर अखेरपर्यंत पुण्यातच राहिले. १९६५च्या युद्धात पलटणीचे नेतृत्व करताना त्यांना वीर चक्र मिळाले होते आणि १९७४ मध्ये अतिविशिष्ट सेवा पदक मिळाले. ज्या शाळेत ते शिकले, त्या शाळेने सभागृहात त्यांचे तैलचित्र लावायचे ठरवले असून ते करवून देण्याची जबाबदारी आम्ही घरच्यांनी आनंदाने घेतली आहे. अनावरण १५ जानेवारीला, लष्कर दिनी, व्हावे अशी शाळेची इच्छा आहे.

अडचण अशी की त्यांचा एकच चांगला फोटो आमच्याकडे आहे. तो १९७२च्या सुरुवातीचा, कृष्णधवल, स्टुडिओत काढलेला आहे. त्या वेळी ते ब्रिगेडिअर होते. टोपी काखेत धरलेली आहे, डोके उघडे आहे, छातीवर पदके नाहीत, फक्त रिबनच्या (पदकांऐवजी लावायच्या रंगीत कापडी पट्ट्यांच्या) ओळी आहेत. दुसरा फोटो निवृत्तीच्या वर्षाचा, रंगीत, पण तीसेक माणसांच्या गटातला आहे आणि त्यात त्यांचा चेहरा माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा दिसतो.

मागच्या वर्षी आम्ही शहरातल्या एका दुकानाकडे १९७२च्या फोटोची निगेटिव्ह देऊन चित्र करायला सांगितले होते आणि नंतर मिळालेले पदकही त्यात घालावे असे सुचवले होते. चित्र घरी आले तेव्हा आजीने ते पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "हे त्यांच्यासारखे दिसतात, पण हे ते नाहीत." काय चुकले आहे ते आमच्यापैकी कोणालाच सांगता येईना. दोन दिवसांनी तिलाच ते सापडले : भांग उलट्या बाजूला होता. मग आम्ही नीट पाहिले, तर रिबनच्या सगळ्या ओळी उजव्या छातीवर आल्या होत्या आणि अतिविशिष्ट सेवा पदकाची रिबन रांगेच्या शेवटी, उरलेल्या जागेत बसवली होती. पुढे हेही कळले की कॅनव्हासवर फोटो छापून त्यावर केवळ वरवर रंगाचे हात फिरवले होते. आजी एक्क्याण्णव वर्षांची आहे आणि ते चित्र आम्ही तिच्या नजरेसमोरून काढून माळ्यावर ठेवले, याचे मला अजूनही वाईट वाटते.

आता पुन्हा तीच चूक होऊ नये म्हणून जाणकारांना विचारते आहे. चित्रात त्यांना १९७२चे ब्रिगेडिअर म्हणून दाखवावे, की शेवटच्या पदावरचे मेजर जनरल म्हणून? १९७२च्या चेहऱ्याखाली नंतरची पदके रंगवणे योग्य आहे का? शाळेला रिबनऐवजी पूर्ण पदके हवी आहेत, कारण मुलांना ती दुरून दिसतील असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या आत्याचा आग्रह आहे की काहीही झाले तरी वीर चक्र सर्वांत पुढे हवे, कारण ते रणांगणावर मिळालेले आहे.

जुनी पलटण, साळुंके विहार

आपल्या आजोबांना माझा सलाम आणि आजींच्या नजरेलाही. मी पायदळातून निवृत्त झालेला अधिकारी आहे. चित्रकलेतले मला काही कळत नाही, म्हणून फक्त गणवेशाबद्दल लिहितो.

पहिली गोष्ट, तुमची निगेटिव्ह उलट्या बाजूने स्कॅन झालेली आहे. नव्या चित्रकाराला फोटो देण्यापूर्वी कोटाच्या पुढच्या पट्ट्या पाहा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजव्या बाजूवर येते. रिबन नेहमी डाव्या छातीवर असतात, म्हणजे समोरून पाहणाऱ्याला त्या स्वतःच्या उजव्या हाताला दिसल्या पाहिजेत. वीर चक्राच्या रिबनचा अर्धा भाग गडद निळा आणि अर्धा केशरी असतो आणि केशरी भाग डाव्या खांद्याकडे असतो. चित्र उलटले की हे दोन रंगही जागा बदलतात. नुसत्या रिबन उचलून दुसऱ्या छातीवर नेल्या, तरी ही चूक शिल्लक राहू शकते.

दुसरी गोष्ट क्रमाची आहे आणि ती आपल्या आत्यांना कदाचित पटणार नाही. पदके मिळाली त्या तारखेनुसार लावत नाहीत, ठरलेल्या अग्रक्रमानुसार लावतात आणि सर्वांत वरचे पदक छातीच्या मध्याजवळ येते. या क्रमात अतिविशिष्ट सेवा पदक वीर चक्राच्या आधी आहे. त्यामुळे १९७४ नंतर त्यांच्या पहिल्या ओळीत सोनेरी रंगावर दोन गडद निळ्या रेघा असलेली रिबन आधी आली असेल आणि वीर चक्र तिच्या शेजारी सरकले असेल. एक रिबन वाढली की पुढच्या सगळ्या सरकतात आणि ओळी नव्याने बांधाव्या लागतात. दुकानदाराने ती शेवटी चिकटवली, तिथेच गणवेश ओळखणाऱ्या कोणालाही ते चित्र खोटे वाटले असते. आत्यांना माझ्यातर्फे एवढेच सांगा की रणांगणावरच्या पराक्रमाचे मोल या क्रमाने कमी होत नाही, पण गणवेशात आपल्या आवडीला जागा नसते आणि त्यांच्या वडिलांनी स्वतः हाच क्रम लावला असणार.

१९७२च्या फोटोत १९७१च्या युद्धाची रिबन दिसत नाही म्हणून कोणी शंका काढील, तर तीही चूक नाही. पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल ही १९७३ मध्ये सुरू झाली. त्यामुळे डिसेंबर १९७१ मध्ये लढलेल्या माणसाच्या छातीवर १९७२च्या सुरुवातीला ती असू शकत नाहीत. स्वातंत्र्यापूर्वीच्या महायुद्धाची पदके असतील तर ती ओळीच्या शेवटी जातात.

तिसरी गोष्ट खांद्यांची. ब्रिगेडिअरच्या खांद्यावर अशोकस्तंभाचे सिंह आणि तीन तारे असतात. मेजर जनरलच्या खांद्यावर एकमेकींवर तिरकी ठेवलेली तलवार व बॅटन आणि एक तारा असतो. १९७४ची छाती आणि १९७२चे खांदे असे चित्र झाले तर तो कोणत्याच दिवसाचा गणवेश राहत नाही. माझे मत विचाराल तर शाळेत शेवटचे पद दिसावे. ते त्यांनी मिळवलेले होते.

पूर्ण पदके की रिबन, यात दोन्ही बरोबर आहेत, फक्त सरमिसळ नको. पूर्ण पदके समारंभाच्या गणवेशावर लावतात, रोजच्या सर्व्हिस ड्रेसवर रिबन असतात. एकच पदक दोनदा मिळालेल्यांच्या बाबतीत चित्रकार आणखी एक चूक करतात, तीही सांगून ठेवतो. निवृत्तीनंतर पुण्यात राहिलेले आणि १० ऑगस्ट १९८६ रोजी इथेच ज्यांची हत्या झाली, त्या जनरल अरुणकुमार वैद्य यांना महावीर चक्र १९६५ आणि १९७१ असे दोनदा मिळाले होते. म्हणून त्यांच्या छातीवर दोन महावीर चक्रे काढायची नसतात. पदक एकच असते आणि दुसऱ्या सन्मानाची पट्टी त्याच्या रिबनवर येते. नुसती रिबन असेल तेव्हा तिच्यावर चक्राची छोटी प्रतिकृती लावतात.

शौर्य पदकांची घोषणा भारताच्या राजपत्रात होते, तेव्हा वर्ष आणि त्या वेळचे पद तिथून पडताळून घ्यावे आणि मगच चित्राखालची पट्टी कोरायला द्यावी.

अळशीचे तेल

मी टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयात शिकलो आणि गेली बावीस वर्षे व्यक्तिचित्रेच करतो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. वरच्या उत्तरातली गणवेशाची माहिती प्रत्येक चित्रकाराने भिंतीवर लावून ठेवावी अशी आहे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे : चित्र एका दिवसाचे असावे. चेहरा, खांदे, रिबन आणि प्रकाश हे सगळे एकाच सकाळचे वाटले पाहिजे. ब्रिगेडिअर किंवा मेजर जनरल, दोन्ही चालतील, पण अठ्ठेचाळीस वर्षांच्या चेहऱ्याखाली पन्नाशीनंतरची छाती लावली की पाहणाऱ्याला कारण कळत नाही आणि तरी काहीतरी टोचत राहते. आजींना भांगाचे टोचले, तसेच.

मेजर जनरल काढायचे ठरले तर १९७२चा फोटो टाकून देऊ नका. हाडांची ठेवण, नाकाचा कणा, जबड्याची रेषा आणि मुख्य म्हणजे प्रकाश त्यातूनच मिळेल. गटाच्या फोटोतून फक्त केसांचा रंग, कानशिलावर केस किती मागे गेले होते आणि गळ्याखालची त्वचा किती सैल झाली होती, एवढेच घ्यावे. नखाएवढ्या चेहऱ्यात याहून जास्त काही नसते आणि जास्त शोधायला गेलात तर चित्रकार स्वतःच्या मनातला चेहरा काढू लागतो. उरलेले आजींकडून मिळवा. चित्रकाराला त्यांच्यासमोर कोळशाचे रेखाटन करू द्या आणि "कसे वाटते?" असे न विचारता "डावी भुवई उंच होती की उजवी?", "ऐकताना मान कुठे कलायची?" असे विचारा. माणूस पन्नास वर्षे ज्या चेहऱ्यासमोर बसून चहा पितो, तो चेहरा त्याला पाठ असतो, फक्त प्रश्न नेमका हवा.

कृष्णधवल फोटोतून रिबनचे रंग ठरवू नका. लाल, निळा आणि हिरवा यांच्या राखाडी छटा इतक्या जवळ येतात की माहीतगारही फसतो. जुने कपडे शिल्लक असतील तर शोधा. रिबनची पट्टी सापडली तर तिची मागची बाजू उलटून पाहा. समोरचा रंग वर्षानुवर्षांच्या उन्हाने उडालेला असतो, पण पिनेच्या पट्टीमागे दुमडलेल्या कापडाला ऊन लागलेले नसते. तिथे मूळ रंग मिळतो.

आता पूर्ण पदकांबद्दल. शाळेची इच्छा समजते, पण मी रिबनच सुचवीन. चित्र ३० × ४० इंचांचे असेल, सभागृहात उंचावर लागेल आणि त्यात बारा-तेरा चमकणारी पदके असतील, तर डोळा पहिल्यांदा आणि शेवटपर्यंत छातीवरच राहील. शिकाऊ हात प्रत्येक पदकावर सारखाच पांढरा ठिपका देतो आणि मग ती पदके कोटापुढे तरंगू लागतात. चांदी रंगवायची म्हणजे चांदीचा रंग लावायचा नसतो. चांदीच्या पदकात ऑलिव्ह ग्रीन कापड दिसते, खिडकी दिसते, शेजारच्या पदकाची सावली दिसते, तेवढेच रंगवायचे असते आणि तेजाचा ठिपका सबंध छातीवर एक किंवा दोनच ठिकाणी द्यायचा असतो. बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊस्करांनी केलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रे आहेत, एक पुरुषवेषातले आणि एक स्त्रीवेषातले. नाटकाच्या मध्यंतरात स्त्रीवेषातल्या चित्राच्या शक्य तितके जवळ जा, दागिने पाहा आणि मग दहा पावले मागे येऊन पुन्हा पाहा. अलंकार किती आणि तरी नजर कुठे जाते, हे शिकण्यासाठी पुण्यात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

गणवेशाच्या कापडाचेही तसेच आहे. ट्यूबमधला तयार हिरवा रंग लावला की कोट प्लास्टिकचा दिसतो. आयव्हरी ब्लॅकमध्ये यलो ऑकर मिसळून पाहा, त्यातून जो हिरवट रंग येतो तो लोकरीच्या ऑलिव्ह ग्रीनला फार जवळचा असतो आणि त्वचेतल्या ऑकरशी त्याचे नाते राहते. सावलीत थोडा बर्न्ट अंबर पुरतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवरचा उजेड पांढरा घालून काढला तर चेहरा राख फासल्यासारखा होतो. कपाळावरचा तो उजेड थंड, किंचित निळसर असतो आणि त्याच्या कडेला त्वचा सर्वांत तांबूस दिसते. चित्रकार निवडताना त्याची जुनी चित्रे बघाल तेव्हा हीच जागा बघा.

सर्वांत मोठा धोका जोडकामाचा आहे. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत जॉन सिंगर सार्जंटने १९२२ मध्ये पूर्ण केलेले पहिल्या महायुद्धातल्या बावीस सेनाधिकाऱ्यांचे भव्य चित्र आहे. त्याने एकेका अधिकाऱ्याचा वेगळा अभ्यास केला आणि मग सगळ्यांना एका ओळीत उभे केले. एकेक चेहरा पाहिला तर सार्जंटचा हात कळतो, पण ही माणसे एका खोलीत, एकाच हवेत उभी आहेत असे मला कधीच वाटले नाही. सार्जंटसारख्याला जे कठीण गेले, ते आपल्याला सोपे जाईल असे धरून चालू नये. म्हणून गणवेश मिळाला तर तो कुणाच्या तरी अंगावर चढवून, १९७२च्या फोटोत प्रकाश ज्या बाजूने येतो त्याच बाजूच्या खिडकीपाशी बसवून कापड प्रत्यक्ष पाहून रंगवावे. घरात त्यांच्या अंगलटीचा नातू असेल तर उत्तम.

वेळेचाही विचार करा. तैलरंग पाण्यासारखे उडून वाळत नाहीत, त्यातले अळशीचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते. पावसाळी हवेत त्याला आणखी वेळ लागतो. चित्र ऑक्टोबरअखेर पूर्ण झाले तर जानेवारीत ते लावता येईल, पण शेवटचे वॉर्निश सहा महिने ते वर्षभर थांबूनच द्यावे. अनावरणापुरते पातळ रिटच वॉर्निश पुरते. घाईने जाड वॉर्निश देणाऱ्याला काम देऊ नका.

जुनी पलटण, साळुंके विहार

एका मुद्द्यावर माझा स्पष्ट विरोध नोंदवतो. तो गणवेश दुसऱ्या कोणी अंगावर घालू नये. नातू असला तरी नाही. त्यावरचे पद आणि रिबन त्याने मिळवलेल्या नाहीत आणि त्या अंगावर चढवून तासन्‌तास खिडकीत बसणे मला योग्य वाटत नाही. चित्रासाठी काही सोय करावी लागते हे मी समजू शकतो, पण दुसरा मार्ग शोधावा.

अळशीचे तेल

सर, तुमचे म्हणणे मला मान्य आहे आणि हे माझ्या आधी लक्षात यायला हवे होते. शिंप्यांकडे कोट चढवून ठेवायचा धडाचा पुतळा असतो, तो भाड्याने किंवा मागून मिळतो. आत थोडा कापूस भरून खांदे त्यांच्या मापाचे करून घेता येतील. पुतळा हलत नाही, त्यामुळे घड्याही बदलत नाहीत. खरे तर रंगवायला तोच बरा.

जुना वाडा

वरच्या एका मताशी मी सहमत नाही. चित्र एका दिवसाचेच हवे हा नियम थोरांनीही पाळलेला नाही. गोयाने ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे जे चित्र केले, ते १८१२ मध्ये वेलिंग्टन माद्रिदमध्ये दाखल झाल्यावर सुरू झाले आणि नंतर मिळालेले सन्मान दाखवण्यासाठी १८१४ पर्यंत त्यात बदल केले गेले. आज ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे आणि चेहरा एका वर्षाचा व पदके दुसऱ्या वर्षाची म्हणून त्याला कोणी खोटे म्हणत नाही. सार्वजनिक सभागृहातले चित्र म्हणजे त्या माणसाच्या साऱ्या आयुष्याचा सन्मान असतो, म्हणून शाळेची पूर्ण पदकांची मागणीही मला रास्त वाटते.

अळशीचे तेल

गोयाचे उदाहरण चांगले काढलेत, मी त्या चित्राच्या छापील प्रती कितीतरी वेळा पाहिल्या आहेत. पण गोयासमोर वेलिंग्टन स्वतः बसला होता. तो थकलेला, किंचित उघड्या ओठांचा चेहरा इतका जिवंत आहे की खाली सन्मान वाढले किंवा हलले तरी तो ढळत नाही. आपल्याकडे चेहराच फोटोतून आणि आठवणीतून उभा करायचा आहे. अशा वेळी बाकी सगळे खरे आणि एकमेकांशी जुळणारे असेल तरच चेहऱ्याला आधार मिळतो. आयुष्यभराचे सन्मान चित्राखालच्या पितळी पट्टीवर अक्षरांत लिहावेत. मुलांना रिबनवरून काही वाचता येणार नाही, पट्टी वाचता येईल.

जतन

चित्र होण्याआधीच त्याच्या भिंतीबद्दल बोलायला हवे, म्हणून लिहिते आहे. जुन्या तैलचित्रांच्या दुरुस्तीचे काम मी करते आणि आमच्याकडे येणारी बहुतेक व्यक्तिचित्रे काळामुळे नव्हे, प्रेमामुळे खराब झालेली असतात.

पुण्यतिथीला ताज्या फुलांचा हार थेट फ्रेमवरून कॅनव्हासवर लोंबत सोडतात. फुलांचा ओलावा रंगाला लागतो, हाराची तार चित्रावर बारीक ओरखडे काढते आणि कपाळावर लावलेले अष्टगंध रंगाच्या थरात मुरते. मी दुरुस्त केलेल्या एका चित्रात कपाळाच्या मधोमध रुपयाएवढा तपकिरी डाग होता, कारण तिथे पंचवीस-तीस वर्षे गंध लागत होते आणि दर वेळी ते ओल्या फडक्याने पुसले जात होते. फडक्याबरोबर भुवयांमधला रंगही थोडा थोडा निघून गेला होता. चित्रापुढे एक लहान स्टँड ठेवावा आणि हार, फूल, उदबत्ती जे काही करायचे ते तिथे, चित्रापासून हातभर पुढे करावे. हे शाळेला लेखी द्या, कारण शिपाईमामा बदलतात, मुख्याध्यापक बदलतात.

भिंत बाहेरची, पावसाचा मारा झेलणारी असेल तर तिच्यावर चित्र लावू नका. कोणत्याही भिंतीवर लावताना फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावून मागून हवा खेळू द्या, नाहीतर तीन-चार पावसाळ्यांत कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते. मागची बाजू पातळ फळीने झाकून घ्या. चित्र उंचावर असेल तर फ्रेमचा वरचा भाग किंचित पुढे झुकवा, म्हणजे ट्यूबलाइटची चमक चेहऱ्यावर येणार नाही. एरवी खालून पाहणाऱ्याला तिथे पांढरा पट्टाच दिसतो. काही काळ चित्र बांधून ठेवावे लागले तर अंधारात फार दिवस ठेवू नका, अंधारात अळशीचे तेल पिवळे पडते.

चित्रकाराला एवढेच विचारा की कॅनव्हास लिननचा आहे का, मागच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यांत पाचरी आहेत का आणि पांढरा कोणता वापरतो. तैलचित्रात झिंक व्हाइटचा भरपूर वापर झाला की थर ठिसूळ होतो आणि पुढे पापुद्रे सुटतात.

एरंडवणेकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहिते आहे, कारण मध्यंतरी बरेच काही घडले.

आजीच्या खोलीतली काळी ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास अजून होता. सगळ्यांत खाली, जुन्या सुती साडीत गुंडाळलेला, त्यांचा सर्व्हिस ड्रेसचा कोट निघाला. कसरीने डाव्या बाहीला तीन भोके पाडली आहेत, पण खांद्यांवर तलवार, बॅटन आणि एक तारा तसाच आहे. म्हणजे कोट शेवटच्या पदावरचा आहे आणि ब्रिगेडिअर की मेजर जनरल हा प्रश्न त्यानेच सोडवला.

रिबनची पट्टी छातीवरच होती. समोरून सगळे रंग फिकट, जवळजवळ एकाच मातकट छटेचे झाले आहेत. सांगितल्याप्रमाणे मी ती हळूच उलटली. पिनेमागच्या दुमडीत वीर चक्राचा केशरी रंग नुकताच रंगवल्यासारखा लख्ख होता आणि निळा इतका गडद की खिडकीजवळ नेईपर्यंत मला तो काळाच वाटला. पहिली रिबन सोनेरी, दोन निळ्या रेघांची, तिच्या शेजारी वीर चक्र. सरांनी सांगितलेला क्रम तंतोतंत तोच निघाला. आत्या शेजारीच उभी होती. तिने पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलली नाही. आजी म्हणाली, "ते रोज निघताना आरशासमोर बोटाने चाचपून बघायचे, ओळ सरळ आहे ना म्हणून. त्यांनी लावली तशीच राहू दे." त्यानंतर आत्याने तो विषय काढला नाही.

चित्रकार ठरले आहेत. त्यांची जुनी चित्रे पाहताना कपाळावरचा उजेड आवर्जून पाहिला. शाळेनेही रिबन मान्य केल्या आणि पितळी पट्टीचा मजकूर राजपत्रातल्या नोंदीवरून तयार होतो आहे. कोट कोणीही अंगावर घालणार नाही. लक्ष्मी रस्त्यावरच्या आमच्या शिंपीकाकांनी पुतळा द्यायचे कबूल केले आहे आणि कोट कशासाठी हवा आहे हे कळल्यावर भाडे घ्यायला नकार दिला.

पहिले कोळशाचे रेखाटन परवा आजीसमोर झाले. भुवईबद्दल विचारले तेव्हा तिने डोळे मिटून उत्तर दिले, "डावी. आणि कान काढताना जपा, उजव्या कानाची पाळी थोडी चिरलेली होती." हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हते. १९७२चा फोटो सरळ करून भिंगाखाली पाहिला, तेव्हा पाळीवर ती बारीक खाच दिसली.

आता एकच विचारायचे आहे. बाहीवरची कसरीची भोके रफू करून मग कोट पुतळ्यावर चढवावा, की कापडाला आता सुई लावूच नये? पुढची बैठक रविवारी आहे, त्याआधी जतन यांनी सांगितले तर फार बरे होईल.

जतन

सुई लावू नका. डावी बाही पुतळ्यावर मागच्या बाजूला वळवा, चित्रात ती दिसणारच नाही. बैठक झाली की कोट हँगरला टांगू नका, स्वच्छ धुतलेल्या पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळून आडवा ठेवा. डांबराच्या गोळ्या कापडाला थेट लागू देऊ नका. रिबनची पट्टी कोटावरच राहू द्या, फक्त तिच्या आणि कोटाच्या मध्ये पातळ मलमलचा तुकडा घाला, म्हणजे पिनेचा गंज लोकरीत उतरणार नाही.